विषय: उत्तर: सौर कृषी वाहिनीत भांडवल घालण्याआधी काय मागावं?

नमस्कार मंडळी,
परदेशातल्या आपल्या मंडळातले आठ अनिवासी भारतीय मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0 (शेतीपंपांना दिवसा सौर वीज देण्याची महाराष्ट्राची योजना) मधल्या 3 मेगावॉटच्या प्रकल्पात भांडवल घालायचं म्हणतायत. विकासकाने पॅनेल आणि इन्व्हर्टरची सगळी माहिती पाठवली आहे. आणखी काय मागावं?
– कोषाध्यक्ष

---

ताई,
प्रकल्पाची वीज ज्या उपकेंद्रात जाणार, त्याची नोंदवही आधी मागा. 33/11 केव्हीच्या (33 हजार व्होल्टची वीज 11 हजारांवर आणणाऱ्या) त्या उपकेंद्राला येणारी 33 केव्ही लाइन गेल्या बारा महिन्यांत सकाळी 9 ते दुपारी 4 या वेळात किती तास बंद होती, ते महिनावार हवं. लाइन गेली की ऊन कितीही कडक असो, इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. तो पडायलाच हवा, नाहीतर तार जोडणाऱ्या लाइनमनच्या जिवावर बेतेल.

हिशेब बघा. 19 टक्के क्षमता वापर (वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने चालल्यास मिळेल त्याच्या 19 टक्के वीज) धरला तर 3 मेगावॉटमधून वर्षाला सुमारे 50 लाख युनिट मिळतात. तीन रुपये दराने दीड कोटी. भर दुपारचा एक तास गेला की अडीच हजार युनिट, म्हणजे साडेसात हजार रुपये बुडतात. असं वर्षातून 300 दिवस झालं तर साडेबावीस लाख, उत्पन्नाचे 15 टक्के! पॅनेलवरची धूळ धुता येते, हे नुकसान भरून निघत नाही. म्हणून वीज खरेदी करारात ग्रिड बंद असतानाच्या भरपाईचं कलम शब्दन् शब्द वाचा.

ट्रान्सफॉर्मरची क्षमताही विचारा. पावसाळ्यात कृषिपंप बंद असतात, तेव्हा वीज उलटी 33 केव्हीकडे जाते. त्याच उपकेंद्रावर दुसरा प्रकल्प असेल तर दोन्हींची वीज ट्रान्सफॉर्मरला पेलत नाही, अडचण तिथे येते.

आणखी एक. विजेचा दर 25 वर्षं तोच राहतो. खासगी जमिनीचं भाडं मात्र हेक्टरी सव्वा लाखापासून दरवर्षी 3 टक्के वाढतं. सहा हेक्टरचे आजचे साडेसात लाख शेवटच्या वर्षी पंधरा लाख होतात. शिवाय 2010 मध्ये साधारण 45 रुपयांना मिळणारा डॉलर 2023 मध्ये 83 वर गेला. रुपयातला परतावा डॉलरमध्ये मोजूनच ठरवा.

---

दादांच्या मेलमध्ये थोडी भर.
पैसे मंडळाच्या खात्यात अजिबात गोळा करू नका, मंडळाची करसवलत धोक्यात येईल. प्रत्येकाने स्वतःच्या खात्यातून थेट प्रकल्पाच्या कंपनीला पाठवावेत. भारताबाहेर परत नेण्याजोगी गुंतवणूक हवी असेल तर पैसे पोचल्यापासून 60 दिवसांत शेअर मिळायला हवेत आणि त्यानंतर 30 दिवसांत कंपनीने रिझर्व्ह बँकेकडे एफसी-जीपीआर (परदेशी गुंतवणूकदाराला शेअर दिल्याची नोंद करणारा फॉर्म) भरायला हवा. विकासक इथे हमखास उशीर करतात आणि पुढे पैसे बाहेर काढताना बँक अडवते. एनआरओ खात्यातून (अनिवासी भारतीयांचं भारतातल्या कमाईसाठीचं रुपया खातं) घातले तर ही कटकट नाही, पण विक्रीची रक्कम एनआरओमध्येच येते आणि तिथून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच बाहेर नेता येते.

शेतजमीन आपल्या नावावर विकत घेता येत नाही. भाडेकरार कंपनीच्याच नावाने हवा.

अमेरिकेत कर भरणाऱ्या कोणाचा हिस्सा 10 टक्के किंवा जास्त होत असेल तर फॉर्म 5471 (परदेशी कंपनीतला हिस्सा अमेरिकेच्या कर खात्याला कळवण्याचा) लागतो. चुकला तर दंड 10,000 डॉलरपासून सुरू होतो. आठ जणांत सारखे वाटे केले तर प्रत्येकी साडेबारा टक्के होतात, तेव्हा विकासकाचा हिस्सा किती ते आधी कळू द्या.