चाळिशीत नवे मित्र: सोशल मीडिया नसेल तर होतात का?

पायवाट

माझं वय 43. दोन वर्षांपूर्वी मी फेसबुक आणि इन्स्टाग्राम दोन्ही बंद केलं. त्यामागे एक रात्र आहे. अंगात सणसणून ताप, घरात मी एकटा, आणि औषध आणून द्यायला कोणाला फोन करावा म्हणून यादी वरपासून खालपर्यंत चाळली. सहाशेच्या वर नावं. वाढदिवसाला सगळ्यांच्या शुभेच्छा येतात. पण रात्री साडेदहाला ज्याचं दार वाजवावं असा एकही माणूस त्यात सापडला नाही. सकाळपर्यंत पाणी पीत पडून राहिलो.

त्यानंतर सुतारकामाच्या संध्याकाळच्या वर्गात नाव घातलं. आठवड्यातून दोनदा, दोन-दोन तास. मित्र मिळवायला गेलो नव्हतो, हाताला काम हवं होतं. पहिला दीड महिना कोणाशी धड बोललोही नाही. मग एक दिवस लांब फळी कापताना तिचं टोक टेबलाबाहेर लोंबकळत होतं. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ काही न विचारता आले आणि त्यांनी ते टोक धरलं. शेवटचे दोन इंच राहिले तेव्हा त्यांनी ते अगदी समपातळीत ठेवलं, वर नाही की खाली नाही. नाहीतर तुकडा स्वतःच्या वजनाने मोडतो आणि कडेची चिरफळी निघते. आम्ही दोघंही त्या शेवटच्या दोन इंचांकडे श्वास रोखून बघत होतो. नावं एकमेकांना सांगितली ती त्यानंतर.

आज ते माझे मित्र आहेत. मला पुन्हा ताप आला तर त्यांना फोन करीन, आणि त्यांनी मला एकदा केलाही आहे.

माझं म्हणणं असं की प्रौढ वयात मैत्री शोधत फिरून मिळत नाही. तीच जागा, तीच वेळ, तीच माणसं आणि समोर काहीतरी सामायिक काम, एवढं जुळलं की ती हळूहळू धरते. कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांनी 2018 मध्ये याचे तास मोजायचा प्रयत्न केला. साधी मैत्री व्हायला साधारण 50 तास, नुसता ‘मित्र’ म्हणण्याइतकी व्हायला 90 आणि जिवलग व्हायला 200 च्या वर. माझ्या वर्गाचे आठवड्याला चार तास धरले तर पन्नासला तीन महिने, दोनशेला वर्ष. माझा अनुभव याच्याशी तंतोतंत जुळतो. सोशल मीडिया हे तास देत नाही, पण माणसांत असल्याचं समाधान देतं, आणि मग खऱ्या सोबतीची भूकच मरते. तिथे झालेल्या ओळखीला मी ओळख म्हणत नाही.

तुम्हाला काय वाटतं?

एकतारी

धागा मनापासून लिहिलाय, म्हणून उत्तरही मनापासून देतो. तासांचं गणित मांडताना त्याच अभ्यासातला एक भाग तुमच्याकडून राहिला. एकत्र काम करण्यात गेलेले तास मैत्रीसाठी तेवढे उपयोगी पडत नाहीत, असंही त्यात दिसलं होतं. हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. एका सहकाऱ्याच्या शेजारच्या खुर्चीवर मी नऊ वर्षं बसलो. त्यांच्या मुलीच्या परीक्षांच्या तारखा मला पाठ होत्या. त्यांनी नोकरी सोडली त्या दिवशी आम्ही दोघंही हळवे झालो. त्यानंतर आजतागायत एक फोन नाही, त्यांचा नाही आणि माझाही नाही.

नऊ वर्षांचे तास मोजा. दोनशेच्या कितीतरी पट होतील. तीच जागा, तीच वेळ, तीच माणसं, सामायिक कामसुद्धा. मग मैत्री का नाही धरली? नुसत्या सहवासाने व्हायची असती तर आपल्याकडे ‘अतिपरिचयात अवज्ञा’ हे म्हणायची वेळ आली नसती. कोणीतरी एकाने ती जागा ओलांडून ‘रविवारी भेटायचं का’ असं विचारावं लागतं. आमच्यात ते कोणीच विचारलं नाही. तुमच्या गोष्टीतही मैत्री फळीने झाली असं तुम्ही म्हणता, पण वर्गाबाहेर पहिल्यांदा कोणी बोलावलं ते तुम्ही लिहिलेलं नाही. मला वाटतं खरी गोष्ट तिथे आहे.

काठावर

मी धागालेखकाच्या बाजूने. जवळिकीचं बळ आपण फार कमी लेखतो. 1950 मध्ये फेस्टिंगर, शॅक्टर आणि बॅक यांनी एमआयटीच्या वेस्टगेट नावाच्या वसाहतीतल्या मैत्रीचा अभ्यास प्रसिद्ध केला. विवाहित विद्यार्थ्यांची घरं, आणि ती निवडून घेतलेली नव्हती, वाट्याला येतील तशी. शेजारच्या दारातल्यांशी घनिष्ठ मैत्री झाली 41 टक्के, एक दार सोडून पलीकडच्यांशी 22 टक्के आणि त्याच मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत फक्त 10 टक्के. मधलं अंतर किती, तर काही पावलांचं. ज्यांचं दार जिन्याजवळ होतं त्यांची वरच्या मजल्यावरच्यांशीही ओळख जास्त, कारण येता-जाता ते दिसत.

म्हणून मी स्वतःला जिन्याजवळ ठेवतो. वाचनालयात रोज एकाच टेबलाशी बसतो, फिरायला एकाच वेळी निघतो. सहा महिन्यांत तीन माणसं अशी झाली की एखादा दिवस दिसलो नाही तर विचारतात.

एकतारी, बोलावण्याचं तुमचं म्हणणं पटलं. पण आपण ते का टाळतो? समोरच्याला आपण फारसे आवडलो नसू असं वाटतं म्हणून. 2018 मध्येच याच्यावरही एक अभ्यास झाला. अनोळखी माणसांना बोलायला बसवलं आणि नंतर वेगवेगळं विचारलं. समोरच्याला आपण जेवढे आवडलो असं लोकांना वाटत होतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात ते जास्त आवडलेले निघाले. तुमच्या त्या सहकाऱ्यांनाही हेच वाटत असेल की फोन आपण कशाला करायचा.

निशिगंध

पायवाट, तुमचं ते वाक्य मी तीनदा वाचलं. ‘तिथे झालेल्या ओळखीला मी ओळख म्हणत नाही.’

माझी आई चार वर्षं अंथरुणाला खिळलेली आहे. दिवसा मी घरूनच काम करते, रात्री दर तीन तासांनी तिची कूस बदलते. नाही बदलली तर पाठीला जखमा होतात. संध्याकाळचा वर्ग, वाचनालयातलं ठरावीक टेबल, ठरलेल्या वेळी फिरणं, हे सगळं घराबाहेर पडू शकणाऱ्या माणसाचं आहे. काठावर, तुम्ही स्वतःला जिन्याजवळ ठेवता. माझं दार कुठे आहे ते मी ठरवत नाही.

आजारी माणसांची शुश्रूषा करणाऱ्यांचा फेसबुकवर एक गट आहे. तिथे एका रात्री मी विचारलं होतं की आईला कुशीवर वळवताना तिचा हात खाली अडकतो आणि ती कळवळते, काय करू. पाच मिनिटांत एका बाईंनी उत्तर दिलं: वळवण्याआधी हात छातीवर आडवा घ्या, गुडघ्यांमध्ये उशी द्या आणि खांदा व कंबर एकदम वळवा. मी तसं केलं. आई कळवळली नाही. मी परत येऊन तेवढंच लिहिलं, आणि त्यांनी लिहिलं, ‘आता तुम्हीही तासभर झोपा.’ ते मला कित्येक महिन्यांत कोणी म्हटलं नव्हतं. तेव्हा घड्याळात अडीच वाजले होते. त्या वेळी उघडा असलेला सुतारकामाचा वर्ग मला दाखवा.

त्यांनी धरलं तेही फळीचं दुसरं टोकच होतं.

पायवाट

निशिगंध, ते वाक्य मी मागे घेतो. ते माझ्या सहाशे नावांबद्दल खरं होतं, आणि मी ते सगळ्यांच्या नावावर लिहून मोकळा झालो. चूक झाली. शिवाय तुमच्या गोष्टीत मला माझंच म्हणणं दिसतं. तुमच्या दोघींपुढे एक काम होतं. माझ्या त्या सहाशे जणांत आणि माझ्यात काहीच काम नव्हतं, आम्ही नुसते एकमेकांना दिसत होतो.

एकतारी, तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. बोलावलं त्यांनी. एका शनिवारी म्हणाले, ‘घरी एक जुनं कपाट आहे, बिजागरी निखळलीय, एकट्याने दार धरून स्क्रू बसवता येत नाही. येता का?’ मी गेलो. मी त्यांना बोलावलं असतं का? प्रामाणिकपणे, नाही. मदत मागायला मला जड जातं.

एकतारी

मग हेच पुढे आणू या, कारण मला ते तासांपेक्षा मोलाचं वाटतं. बेंजामिन फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात एक प्रसंग सांगितलाय. विधिमंडळात एक सदस्य त्यांच्या विरोधात होता. त्याची मनधरणी करण्याऐवजी त्यांनी त्याच्या संग्रहातलं एक दुर्मीळ पुस्तक काही दिवस वाचायला मागितलं. त्याने लगेच पाठवलं, आठवड्याभरात यांनी आभाराच्या चिठ्ठीसह परत केलं, आणि पुढे दोघांची मैत्री त्या माणसाच्या मृत्यूपर्यंत टिकली. मागणारा लहान होतो असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात मागणारा दुसऱ्याला आत यायला जागा देतो. नऊ वर्षांत मी त्या सहकाऱ्यांकडे काहीच मागितलं नाही. मी याला भिडस्तपणा म्हणत होतो.

पण एक प्रश्न राहतोच. तुमच्या वर्गाची वेळ बदलली, सुट्टी पडली, तर तुम्हाला कळतं कसं? इतरांचा व्हॉट्सअॅप ग्रुप असणारच.

पायवाट

आहे. मी त्यात नाही. तेच गृहस्थ मला वेगळा फोन करतात.

एकतारी

म्हणजे तुमच्या शांततेचा भार दुसरा कोणीतरी वाहतोय. हे दोष द्यायला लिहीत नाही. पण ‘मी सोशल मीडियाशिवाय मित्र केले’ म्हणताना ते फोन हिशेबात धरले पाहिजेत.

ओंजळ

एवढी चर्चा झाली, पण बाईच्या बाजूने कोणी पाहिलं नाही म्हणून लिहिते. अनोळखी वर्गात माझ्या फळीचं टोक कोणी पुरुषाने न विचारता धरलं, तर मला आधी त्याच्या चेहऱ्याकडे बघावं लागेल. ‘रविवारी भेटायचं का’ हे एखाद्या पुरुषाला विचारण्याआधी त्याचा तो काय अर्थ घेईल याचा दहादा विचार करावा लागतो. डोंगर चढणाऱ्या बायकांचा गट मला ऑनलाइन सापडला. कोण आहेत, किती वर्षं चालताहेत, घरी परतायला किती वाजतात, हे सगळं जाण्याआधी वाचता आलं. त्या माहितीवर मी उंबरठा ओलांडला. मैत्री मात्र डोंगरावर झाली, तिसऱ्या की चौथ्या चढणीला, एकीचा बूट फाटला आणि आम्ही तो दोरीने बांधत बसलो तेव्हा. तेव्हा पायवाट, तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, फक्त माझ्यासाठी अर्ध्या वाटेपासून पुढे.

जुनी_ओळख

मी सगळ्यांशीच असहमत. या वयात नवे मित्र करायचेच कशाला? रॉबिन डनबार यांची मांडणी प्रसिद्ध आहे: माणूस साधारण 150 जणांशी नातं सांभाळू शकतो, आणि त्यातही अगदी आतल्या वर्तुळात पाचच मावतात. ते पाच शाळा-कॉलेजात झालेले असतात. ते दुरावले असतील तर त्यांना हाक मारा. नव्या माणसाला आपलं सगळं आयुष्य पहिल्यापासून सांगत बसण्यात जीव थकतो. जुन्याला अर्धं वाक्य पुरतं.

काठावर

अर्ध्या वाक्याचं सुख मलाही ठाऊक आहे. पण ते पाच तिथेच थांबून राहत नाहीत. नेदरलँड्समध्ये गेराल्ड मोलेनहॉर्स्ट यांनी सात वर्षांच्या अंतराने त्याच लोकांना त्यांच्या ओळखीपाळखीबद्दल विचारलं. एकूण संख्या जवळपास तेवढीच राहिली होती, मात्र निम्मी माणसं बदलली होती. माझ्या पाचांपैकी एक वारले. दोघं इतके दूर गेले की मी झोपतो तेव्हा ते उठतात. जुन्यांना हाक मारायची हे खरंच, पण ताप आलेल्या रात्री दार उघडायला पोहोचेल असा एक तरी माणूस जवळच लागतो.

जुनी_ओळख

रात्रीचं मान्य. बाकी माझं मत तेच आहे.

निशिगंध

दोन दिवस इकडे येता आलं नाही. ओंजळ, तुमचं अर्ध्या वाटेचं म्हणणं माझ्याही बाबतीत खरं आहे, फक्त माझी वाट उलट दिशेने आली. त्या बाई गेल्या वर्षी कामानिमित्त इकडे आल्या होत्या. दीड तासाचा प्रवास करून घरी आल्या, हातपाय धुतले आणि म्हणाल्या, ‘आईंजवळ मी बसते, तू आतल्या खोलीत जा.’ मी साडेतीन तास झोपले. उठले तेव्हा त्यांनी आईची कूस बदललेली होती आणि आई त्यांना माझ्या लहानपणीचं काहीतरी सांगत होती.

पायवाट, वाक्य मागे घेतलंत ते पोहोचलं. एक विचारायचं होतं. आईचा पलंग जरा उंच करून हवाय, म्हणजे तिला वळवताना माझी कंबर धरणार नाही. पायांखाली लाकडी ठोकळे द्यायचे तर ते सरकू नयेत म्हणून काय करतात?

पायवाट

नुसते ठोकळे नकोत. प्रत्येक ठोकळ्याला वरून पलंगाचा पाय बसेल एवढी खोल खाच पाडून घ्यायची, म्हणजे पाय घसरून बाहेर येत नाही. खालचा भाग वरच्यापेक्षा रुंद ठेवायचा आणि तळाला रबर चिकटवायचं. चारही ठोकळे एकाच मापाचे हवेत, नाहीतर पलंग डुगडुगतो. पलंगाच्या पायाची जाडी आणि किती उंच हवाय ते सांगा. बुधवारी वर्गात कापतो. टोक धरायला ते गृहस्थ आहेतच.