लहान मुलांना जीवाची कदर प्रत्यक्ष कशी शिकवायची?

तापीकाठची, चोपडा
नमस्कार मंडळी. माझा मुलगा दुसरीत आहे, पावसाळा सरत आला की आमच्या गल्लीत चतुर खूप होतात आणि पोरं ते पकडून शेपटीला दोरा बांधून उडवतात, आमचा त्यात सगळ्यात पुढे. सासूबाई म्हणतात "त्याले बी जीव शे रे भो", तो मान हलवतो आणि बाहेर जाऊन परत तेच. पाप लागेल, देव बघतोय असं सांगून घाबरवायचं मला नाही, त्यानं फार तर आपल्यासमोर करणार नाही एवढंच. असं काहीतरी हवंय की तो स्वतःच्या हातानं करेल, रोज बघेल आणि त्याला आतून वाटेल. अजून एक, आमची कपाशी आहे, फवारणीचा पंप ओसरीतच असतो, तर तो विचारतो पप्पा अळ्या मारतात ते चालतं मग मी चतुर धरला तर का नाही? याला काय सांगू?

निवृत्त_गुरुजी, अमळनेर
ताई, प्रश्न फार मोलाचा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी 1945 पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला हेच केलं, महागडी साधनं नाहीत, आजूबाजूची पानं, बिया, शंखशिंपले मुलांच्या हातात द्यायचे.

दारात कढीपत्ता किंवा लिंबू असेलच. कोवळ्या पानावर फुलपाखराचं टाचणीच्या डोक्याएवढं पिवळसर अंडं शोधायला लावा, त्यातून 3-4 दिवसांत अळी निघते. आधी ती पाखराच्या शिटेसारखी काळी-पांढरी दिसते, म्हणून पक्षी तिच्याकडे बघत नाहीत, मोठी झाली की हिरवीगार. मग एक दिवस फांदी जराशी हलवा, ती डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं काढते आणि उग्र वास सोडते. तुम्ही काही बोलू नका, फक्त विचारा, असं का केलं असेल तिनं? "घाबरली" हे त्याच्याच तोंडून येऊ द्या. आपण शंभर वेळा सांगून जे होत नाही ते तिथं होतं, माझ्या वर्गातल्या सगळ्यात दांडग्या पोरांचं झालेलं मी पाहिलंय.

बरणीत कोंडू नका, झाडावरच बघा. फुलपाखरू कोशातून निघाल्यावर पंख ओले आणि चुरगळलेले असतात, ते तास-दोन तास लोंबकळत वाळवतं, तेव्हा मदत म्हणून बोट लावलं तर पंख वाकडे राहू शकतात. वाट बघणं हाच त्यातला मोठा धडा. आणि हो, केसाळ अळ्यांना हात लावू देऊ नका, खाज सुटते.

भुसावळची_आई
चतुराचंच दाखवा ना ताई! चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात हे बऱ्याच मोठ्यांनाही माहीत नसतं. डबक्यातलं पाणी पांढऱ्या ताटात घेतलं तर कधीकधी सापडतात, डासांच्या अळ्या कशा गट्ट करतात ते पोरं डोळे फाडून बघतात, मग परत तिथंच सोडायची. काठच्या गवताच्या काडीवर त्यांची वाळकी कात पण चिकटलेली असते, ती खुशाल हातात द्या, त्यात कुणाचा जीव जात नाही. पाण्याजवळ मोठं माणूस सोबत पाहिजेच.

आणि उन्हाळ्यात, आपल्याकडे पारा 45 च्या वर जातो तेव्हा, पक्ष्यांच्या पाण्याचं परळ पूर्ण त्याच्याकडे सोपवा, रोज धुवायचं, सावलीत ठेवायचं, मध्ये दगड ठेवायचा म्हणजे मधमाशी बुडत नाही.

कपाशीवाला_एरंडोल
कपाशीच्या प्रश्नावर बोलतो, कारण माझ्या पोरीनं पण हेच विचारलं होतं. खोटं सांगू नका भो, पोरांना कळतं. आपण मारतो, पण मोजून मारतो आणि तेच दाखवायचं. गुलाबी बोंडअळीचे कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग ओढणारे) लावले की रोज सकाळी पतंग पोरीनं मोजायचे आणि वहीत लिहायचे, सलग 3 रात्री दर सापळ्यात 8 किंवा जास्त आले तरच फवारणीचा विचार, नाहीतर पंप खाली. फवारणी झाली की काही दिवस पोरांना वावरात पाठवायचं नाही हे सांगायला नको.

आणि फवारणीच्या आधी एक भिंग देऊन पान उलटं करून बघायला लावा. मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड दिसेल, आणि तोच मावा खाणारा ढालकिडा दिसेल, बारीक दांडीवर क्रायसोपा या मित्रकिडीची अंडी दिसतील. मग तीच म्हणते पप्पा हे आपले आहेत यांना लागेल. माझी फवारणी त्यामुळे विचार करून व्हायला लागली हे खरं.

निवृत्त_गुरुजी, अमळनेर
दादा, अगदी हेच. आफ्रिकेत दवाखाना चालवणारे डॉ. अल्बर्ट श्वाइट्झर, ज्यांना 1915 मध्ये ओगोवे नदीतून बोटीनं जाताना 'जीवनाविषयी आदर' हा विचार सुचला, त्यांचं म्हणणं असं होतं की गाईच्या चाऱ्यासाठी शेतकऱ्यानं कुरणातली हजार फुलं कापली तरी घरी येताना रस्त्याकडेचं एकही फूल उगाच तोडू नये. ताई, मुलाच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच. पप्पांना पीक वाचवायचं आहे. चतुराला दोरा बांधायची गरज कुणाला आहे, हे त्यालाच विचारा.

तापीकाठची, चोपडा
खूप आभार सगळ्यांचे. कढीपत्त्यावर आज दोन अळ्या सापडल्या, तो शाळेतून आला की दप्तर न काढताच तिकडे पळाला. पण मध्येच मेली तर काय करू? तो फार रडका आहे.

निवृत्त_गुरुजी, अमळनेर
मरतात ताई, बऱ्याच मरतात, पाखरं नेतात. कधी कोशाला बारीक भोक पडतं आणि फुलपाखराऐवजी इवल्याशा परजीवी माश्या बाहेर येतात, त्यांच्या आईनं आत अंडी घातलेली असतात. लपवून दुसरी अळी आणून ठेवू नका. रडू द्या, सोबत बसा, आणि त्या माशीलाही जगायला तेच लागतं हे सांगा. सातवीतल्या पोरांनासुद्धा हे पचायला वेळ लागतो, तुमचा तर दुसरीत आहे, त्यामुळे एका बैठकीत समजावायची घाई नको. उरलेल्या अळ्या कुठल्या पानावर आहेत ते दुसऱ्या दिवशी त्यालाच शोधायला सांगा.