छोट्या रुग्णालयाची बिले आणि थकबाकी: सल्ला हवा आहे

विचारणा (दापोली तालुका)

आमच्या लहान खाजगी रुग्णालयाचे हिशेब मी पाहते. पावसाळ्यात लेप्टो (लेप्टोस्पायरोसिसचा ताप) किंवा सर्पदंशाचा रुग्ण रात्री-अपरात्री येतो, तेव्हा पैशांची गोष्ट काढता येत नाही आणि काढूही नये. डिस्चार्जच्या वेळी मात्र नातेवाईक "मुलगा गणपतीला आला की देतो" असे सांगतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने खलाशांच्या घरी तेव्हा रोकड नसते, हेही खरेच. दुसरीकडे, विमा कंपनीकडून येणारी रक्कम बिलापेक्षा कमीच भरते. अनामत वाढवावी, की वसुलीसाठी माणूस ठेवावा?

प्रतिसाद (रत्नागिरी)

माणूस ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. दारात वसुलीवाला उभा राहिल्याची बातमी वाडीभर होते आणि पुढचा रुग्ण दुसरीकडे जातो. आपल्याकडे खाटेजवळ बसतात आई-वडील आणि पैसे देतो मुंबईतला चाकरमानी, ज्याला खर्चाचा आकडा थेट शेवटच्या दिवशी कळतो. म्हणून भरतीच्या वेळीच त्याचा फोन नंबर घ्यावा, खर्चाचा लेखी अंदाज द्यावा आणि रुग्णाच्या संमतीने रोजचे कच्चे बिल त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवावे. शिल्लक राहिलीच, तर हप्त्यांचा कागद त्याच्याशी करावा.

विम्याच्या कपातीचे मूळ बहुधा खोलीत असते. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा ३,००० रुपये असताना रुग्णाने ५,००० ची खोली घेतली, तर अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी आणि शस्त्रक्रियेचा खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे ६० टक्केच मंजूर होतो. औषधे, तपासण्या व आयसीयू यांना ही कात्री लागत नाही. उरलेली रक्कम रुग्णाने द्यायची असते, पण विमा कंपनीची सेटलमेंट येईपर्यंत तो घरी पोहोचलेला असतो. खोली देण्यापूर्वी पॉलिसी वाचणारी व्यक्ती काउंटरवर असलीच पाहिजे. शिवाय टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणारी संस्था) १० टक्के टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला आयकर, वजा करून पैसे पाठवते. ती रक्कम बुडीत न धरता आयकर पोर्टलवरील नोंदींशी जुळवावी. कित्येक ठिकाणी हे जुळवणे वर्षानुवर्षे होतच नाही.

विचारणा

टीडीएस आम्ही कपातीतच धरत होतो. आणखी एक अडचण म्हणजे, फाइल पाठवूनही कॅशलेसची (विमा कंपनी बिल थेट रुग्णालयाला देते, त्या सोयीची) अंतिम मंजुरी संध्याकाळपर्यंत येत नाही आणि खाट अडकून राहते.

प्रतिसाद (कुडाळ)

विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार डिस्चार्जची विनंती पोहोचल्यापासून तीन तासांत अंतिम मंजुरी मिळाली पाहिजे, आणि विलंबामुळे रुग्णालयाने जास्तीचे शुल्क लावले, तर ते विमा कंपनीने सोसायचे आहे. त्यासाठी विनंतीची वेळ ईमेलवर नोंदलेली हवी. फोनवरचे बोलणे पुढे कामाला येत नाही. डिस्चार्ज समरी आदल्या संध्याकाळी तयार असेल, तर विमा कंपनीच्या निम्म्या क्वेरी (शंका) येतच नाहीत.

अनामतीबाबत एक सावधगिरी बाळगावी. आंब्याच्या हंगामात बागायतदार रोख घेऊन येतात, परंतु एकाच उपचाराच्या बिलापोटी दोन लाख वा त्याहून अधिक रोख, हप्त्याहप्त्याने का असेना, स्वीकारता येत नाही. दंड होतो तो रोख स्वीकारणाऱ्याला, तोही तेवढ्याच रकमेचा. थकबाकीपोटी मृतदेह अडवणे तर राज्याच्या २०२१ च्या नियमांतच बसत नाही, हे रात्रपाळीच्या कर्मचाऱ्यांनाही लेखी कळवून ठेवावे. आपले रुग्णालय राज्याच्या मोफत उपचारांच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेशी संलग्न नसेल, तर पात्र रुग्णाला, प्रकृती स्थिर असल्यास, जवळचे संलग्न रुग्णालय पहिल्याच दिवशी सुचवावे.