बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स: शिवाजी विद्यापीठ की पुणे? मध्येच बदलता येतं का?

कृष्णाकाठचा मामा:
भाचीची बारावी सायन्स झाली. इंजिनिअरिंग नको म्हणते, गणित आवडतं, स्टॅटिस्टिक्स करायचं ठरलंय. घर सांगलीत. एक तर इथेच शिवाजी विद्यापीठाशी संलग्न कॉलेज, नाहीतर पहिल्या वर्षापासूनच पुणं. खासगी विद्यापीठं खिशाबाहेरची आहेत. ताईचं म्हणणं, पहिलं वर्ष घरून होऊ दे, मग नव्या शिक्षण धोरणात क्रेडिट (पास केलेल्या विषयांचे श्रेयांक) घेऊन एस.वाय.ला पुण्यात जाता येतं. खरंच जाता येतं का? आणि नोकरी देणारे विद्यापीठाचं नाव कितपत बघतात?

डेक्कनकर:
पुणं. विचारायचं काय त्यात!

सरासरीताई:
मामा, डेक्कनकरांइतकं सोपं नाही हो. मी हाच विषय शिकवते, त्यामुळे जरा लांबण लागेल.

तुमच्या ताईंनी ऐकलंय त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स २०२१ पासून आहे. मुलीचा ॲपार आयडी, म्हणजे विद्यार्थ्याचा कायमचा ओळख क्रमांक, निघाला की मिळवलेली क्रेडिट तिथे जमा होतात आणि सात वर्षांपर्यंत चालतात. पण क्रेडिट खात्यात असणं वेगळं आणि पुण्यातल्या कॉलेजात एस.वाय.ची जागा मिळणं वेगळं. तिथे जागा रिकामी हवी. दोन्हीकडचा अभ्यासक्रम जुळतो का, हे नवीन विद्यापीठ ठरवणार. समजा, इथे पहिल्या वर्षी झालेला प्रोबॅबिलिटीचा भाग तिकडे दुसऱ्या वर्षी असेल आणि तिकडच्या पहिल्या वर्षातलं काही इथे झालंच नसेल, तर ते पेपर वेगळे द्या म्हणतात. शिवाय टीसी, मायग्रेशन, एलिजिबिलिटी हे तिन्ही कागद हातात येईपर्यंत तिकडे सेमिस्टर निम्मं सरलेलं असतं. अशक्य नाही, पण त्या भरवशावर आज प्रवेश घेऊ नका. पहिलं वर्ष जिथे घ्याल तिथेच तीन वर्षं काढावी लागली तर चालेल का, असं स्वतःला विचारा.

खरा सांधा बदलायची जागा एम.एस्सी.ची. तिथे सगळेच नव्याने अर्ज करतात, मधल्या वर्षाच्या समकक्षतेची भानगड नसते. पुणे विद्यापीठाच्या स्टॅटिस्टिक्स विभागाचं नाव जुनं आणि चांगलं आहे. कोल्हापूरचा विभागही कमी लेखू नका. आयआयटी मुंबई किंवा कानपूरला जायचं तर जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेत मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्सचा पेपर असतो, आयएसआय (भारतीय सांख्यिकी संस्था) कोलकात्याची परीक्षा वेगळी. यातली एकही परीक्षा तुम्ही पदवी कुठून केलीत याचे गुण देत नाही. मात्र विद्यापीठाच्या विभागांत कधीकधी आपल्याच विद्यापीठाच्या मुलांसाठी जागा राखलेल्या असतात, तेव्हा त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाचा.

आता सांगलीच्या कॉलेजात जाऊन एकच गोष्ट विचारा. स्टॅटिस्टिक्स मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून तिसऱ्या वर्षापर्यंत चालतं का, आणि सध्या टी.वाय.ला किती मुलं आहेत? नव्या रचनेत अनेक ठिकाणी पहिल्या वर्षी तीन विषय घेऊन मेजर दुसऱ्या वर्षी ठरतो. मुलं कमी पडली की तुकडी उघडतच नाही आणि मुलगी नाइलाजाने दुसऱ्या विषयात ढकलली जाते. हे उत्तर गोलमाल आलं, तर मात्र मी डेक्कनकरांच्या बाजूने.

पेठेतली पाहुणी:
खर्चाचं कोणी बोलेना म्हणून सांगते. कॉलेजच्या हॉस्टेलला नंबर लागला तर ठीक, नाहीतर कॉट बेसिसवर खोली, मेस, वर अभ्यासिकेची फी. बी.एस्सी.ची फी त्यापुढे किरकोळ वाटते. तेच पैसे एम.एस्सी.साठी राखून ठेवले तर बरं नाही का?

डेक्कनकर:
पण पुण्यात इंटर्नशिप मिळतात, सीनिअर भेटतात, मुलगी बोलायला शिकते. ते घरी बसून होत नाही.

सरासरीताई:
हे मान्य. कंपन्या कॅम्पसला येतात त्या मोठ्या शहरातच जास्त. पण पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत एसक्यूएलची क्वेरी (डेटाबेसमधून माहिती काढायची आज्ञा) लिहायला लावतात, आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांत काय केलंस विचारतात. ते सांगलीत बसूनही शिकता येतं. स्वयं या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरचे कोर्स कॉलेजने मान्य केले तर यूजीसीच्या नियमाप्रमाणे सेमिस्टरचे ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम तिथून करता येतात. किती कॉलेजं हे मनापासून करू देतात, तो वेगळा विषय!

कृष्णाकाठचा मामा:
ताई, सरकारी नोकरीचं काय? आमच्याकडे पहिला प्रश्न तोच.

सरासरीताई:
यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस. पदवीला स्टॅटिस्टिक्स विषय असला तरी पुरतं, वय २१ ते ३०, राखीव प्रवर्गांना सवलत. पेपर मात्र एम.एस्सी.च्या तोडीचे, बी.एस्सी.च्या नोट्सवर निघत नाहीत. रिझर्व्ह बँकेत आकडेवारीच्या विभागासाठी ग्रेड बीची वेगळी भरती असते, तिथे साधारणपणे पदव्युत्तर पदवी लागते. विम्याची आवड असेल तर ॲक्च्युअरीची (विम्यातल्या जोखमीचं गणित मांडणाऱ्याची) एसीईटी ही प्रवेश परीक्षा बारावीनंतरच देता येते, पण पुढचे पेपर वर्षानुवर्षं चालतात. घाईच्या माणसाचं काम नाही.

कृष्णाकाठचा मामा:
सोमवारी कॉलेजात जाऊन टी.वाय.चा आकडा विचारतो. भाची म्हणते, आकडा दोन अंकी असला तर सांगली. पुण्याचा फॉर्म तरीही भरून ठेवतोय.

सरासरीताई:
भरा. आणि टी.वाय.च्या दोन मुलांशी तिला एकटीला बोलू द्या, तुम्ही कॅन्टीनमध्ये बसा.