‘सेंद्रिय’ला दुसरा शब्द आहे का?

धरमपेठची मावशी
भाचीचा बारावीचा प्रकल्प मराठीत लिहून देते आहे. लिक्विड क्रिस्टल हे ऑरगॅनिक सेमीकंडक्टर म्हणून कसे वापरतात, हा विषय. मी लिहिलं, ‘सेंद्रिय अर्धवाहक द्रवस्फटिक’. बाबांनी वाचून विचारलं, “हे झाडाला कधी टाकायचं?” काटोलला आमची संत्र्याची बाग आहे. त्यांच्या लेखी सेंद्रिय म्हणजे शेणखत.

जुना प्रयोगशाळावाला
‘कार्बनी’ लिहा. कार्बनची ही संयुगं सजीवांतच तयार होतात, अशी समजूत होती तेव्हाचं ‘सेंद्रिय’ हे नाव. व्होलर या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया बनवला आणि ती समजूत डळमळली. आता तोच युरिया रसायनशास्त्रात सेंद्रिय आणि शेतात रासायनिक!

इतवारीकर
पण बाबांना समजत नाही म्हणून रुळलेला शब्द काऊन सोडायचा? उद्या ‘वाहक’ म्हटलं की एसटीचा कंडक्टर आठवतो म्हणाल.

वर्धा रोड
आठवतोच! म्हणून मी अर्धसंवाहक लिहितो.

जुना प्रयोगशाळावाला
खरी अडचण ‘स्फटिक’ शब्दाची आहे, वाहणाऱ्या पदार्थाला स्फटिक कसं म्हणायचं? रायनित्झर या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८८८ मध्ये कोलेस्टेरिल बेंझोएट हे संयुग तापवलं. १४५.५ अंशांला ते वितळून गढूळ झालं, १७८.५ ला नितळ. त्या मधल्या गढूळ अवस्थेत ते वाहतं, तरी रेणूंची शिस्त टिकते. भाचीला हव्यात त्या द्रवस्फटिकांच्या चकतीसारख्या रेणूंच्या जाती. भाकऱ्यांसारखी त्यांची चळत लागते आणि विद्युतभार चळतीतून एका चकतीवरून दुसरीवर जातो. पदार्थ थोडा वाहता असल्यानं चळत कुठं मोडली तर पुन्हा जुळू शकते. अशा जाती १९७७ मध्ये बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर आणि सहकाऱ्यांनी शोधल्या. प्रकल्पात या रचनेला ‘स्तंभ’ नको, ‘चळत’च लिहा.

इतवारीकर
चळत घरगुती वाटते. परीक्षक गुण कापतील.

महालातली
गढूळवरून आठवलं. आमची आजी पाण्यात फिरवायची ती फिटकरी. लग्न होऊन पुण्याला गेले तर सगळे म्हणाले, हिंदी बोलून राहिली, तुरटी म्हण. संस्कृतात तुरटीला स्फटी म्हणतात. म्हणजे आमची फिटकरीच स्फटिकाच्या घरातली. तुरटी तर नुसती चवीवरून पडलेली!

वर्धा रोड
मूळ संस्कृत असेल, पण नागपुरात तो शब्द हिंदीतूनच आला.

महालातली
आजीला हिंदी येत नव्हती. तिच्या तोंडी होता तो मराठीच.