माळढोकासाठी वीजतारा जमिनीखाली घालायच्या का?

माळकरी:
माळढोक पक्षी आता दीडशेच्याही आत उरलेत, बहुतेक जैसलमेरकडे. नर १५ किलोपर्यंत भरतो. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे समोरची तार उशिरा दिसते आणि तेवढ्या वजनाला आयत्या वेळी वळता येत नाही. थर वाळवंटात वर्षाला १८ माळढोक तारांना धडकून मरत असावेत, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज होता. मादी बहुधा एकच अंडं घालते. ही तूट भरून निघणार कशी?

एप्रिल २०२१ मध्ये सरन्यायाधीश बोबडे यांच्या खंडपीठाने तारा भूमिगत करायला सांगितलं, ते मला योग्यच वाटलं. मार्च २०२४ मध्ये सुमारे ९९,००० चौ. किमीवरची ती सरसकट सक्ती उठली आणि प्रश्न तज्ज्ञ समितीकडे गेला. पण मूळ दुखणं नियमात आहे. २००६ च्या पर्यावरण मूल्यांकन अधिसूचनेनुसार पारेषण वाहिन्यांना (वीज दूरवर नेणाऱ्या मोठ्या लाइनना) पर्यावरण मंजुरी लागतच नाही, सौर प्रकल्पांनाही नाही. वाटेत वनजमीन किंवा अभयारण्य आलं तरच परवानगीचा प्रश्न येतो. गवताळ माळ मात्र कागदोपत्री ‘पडीक’!

वायरमन_ते_अभियंता:
माळकरी, पक्षी वाचावा असं मलाही वाटतं. पण ३३ केव्हीची (३३ हजार व्होल्टची) केबल पुरणं वेगळं आणि ४०० किंवा ७६५ केव्हीची वेगळं. उच्चदाबाच्या एसी केबलची बरीचशी क्षमता लांब अंतरावर चार्जिंग करंटच (केबल भारित ठेवण्यातच जाणारा प्रवाह) खाऊन टाकतो, म्हणून त्याची भरपाई करायला मध्ये मध्ये रिअ‍ॅक्टर बसवावे लागतात. जॉइंट असंख्य, आणि कोरड्या वाळूत उष्णता बाहेर पडत नाही. बिघाड कुठे झालाय ते शोधून, खणून, नवा जॉइंट मारेपर्यंत लाइन बंद. शिवाय चर खणताना तेच गवत उखडणार, ज्यात तो अंडं घालतो. सगळ्याला मंजुरी लावली तर सौर वीज रखडेल आणि तेवढा कोळसा जळेल. मोठ्या लाइनवर बर्ड डायव्हर्टर (पक्ष्यांना तार दिसावी म्हणून तिच्यावर लटकवायच्या खुणा) लावा, लहान लाइन पुरा.

माळकरी:
लहान लाइन पुरण्यावर आपलं जमलं. पण डायव्हर्टर पडतात, तुटतात, ते बदलतंय कोण? आणि मंजुरीचा अर्थ नकार नव्हे. टॉवर उभे राहण्याआधी मार्ग २० किमी सरकवता आला असता, तर केबलचा वादच आला नसता. जैसलमेरच्या देगराय ओरणातली माणसं हेच सांगत होती: देवीच्या नावानं राखलेल्या गायरानातून लाइन नेऊ नका. जनसुनावणी सक्तीची असती तर ते आधीच ऐकावं लागलं असतं.

नान्नजजवळचा:
मला दोघांचंही अर्धंच पटतं. आमच्याकडे नान्नजला १९७९ मध्ये माळढोकाचं अभयारण्य झालं. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून गळ्याची पिशवी फुगवलेला नर पाहिलाय, त्याचा घुमणारा आवाज अजून आठवतो. आता सोलापुरात तो जवळजवळ दिसतच नाही, आणि ते एकट्या तारांमुळे झालेलं नाही. माळ नांगरले गेले, बोअर पडल्या, ऊस आला, भटकी कुत्री वाढली. उद्या सगळ्या तारा पुरल्यात, तरी त्यानं उतरायचं कुठे?