दक्षिण सुदानहून परत आले, झोप लागत नाही. मराठीत बोलणारा समुपदेशक हवा आहे

नमस्कार मंडळी,

मी नर्स आहे. एका मदत संस्थेतर्फे नऊ महिने दक्षिण सुदानमध्ये बेंटिऊला होते, कुपोषित मुलांच्या वॉर्डात. साताऱ्याला परतून सात आठवडे झाले.

बेंटिऊबद्दल थोडं सांगते, नाहीतर लोक 'तिथं बॉम्ब पडायचे का' एवढंच विचारतात. २०१३ च्या डिसेंबरात पेटलेल्या युद्धातून पळून आलेली माणसं तिथल्या छावणीत राहतात. त्यात २०२१ पासून भोवताली पुराचं पाणी. मातीचे बांध घालून छावणी आणि धावपट्टी कशीबशी कोरडी ठेवलीय. गोळीबार मी दोनदाच ऐकला, तोही लांबून. म्हणूनच तर कळत नाही, मला एवढं काय झालंय.

तिथे रात्रभर जनरेटर चालायचा. तो बंद पडला की काहीतरी बिनसलंय म्हणून आम्ही उठून बसायचो. आता घरातली शांतताच झोपू देत नाही. (पंखा पाचवर ठेवून बघितला, आई कुडकुडते.) भाचा दोन वर्षांचा आहे. त्याला कडेवर घेतलं की माझी बोटं त्याच्या दंडाभोवती जातात. आमच्या दंड मोजायच्या पट्टीवर साडेअकरा सेंटीमीटरच्या खाली लाल रंग असायचा, म्हणजे तीव्र कुपोषण. पोरगं चांगलं गुटगुटीत आहे, मला दिसतंय, तरी हात मोजतोच.

सगळ्यात जास्त टोचतं ते वेगळंच. आम्हा बाहेरच्यांना दर आठ आठवड्यांनी सक्तीची सुट्टी. माझ्याबरोबर रात्रपाळी करणारा तिथलाच सहकारी ड्यूटी संपली की त्याच छावणीतल्या आपल्या झोपडीत जायचा. त्याला कुठली सुट्टी? त्याचे व्हॉइस मेसेज येतात. अकरा झालेत. मी एकही ऐकलेला नाही.

संस्थेने व्हिडिओवर समुपदेशक दिली होती. बाई चांगल्या होत्या, पण इंग्रजीत बोलताना मी रिपोर्ट देतेय असंच वाटायचं. एका रात्री १४४१६ ला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन केला, मराठीत बोलले, रडले, बरं वाटलं. आता सलग भेटणारं कुणीतरी हवंय.

पुणे-सातारा भागात किंवा ऑनलाइन, अशा आघातांवर उपचार करणारं कुणी माहीत आहे का? आणि मदतकार्याच्या क्षेत्रातलं इथे कुणी असेल तर, उपचार घेतेय हे सांगितल्यावर पुढच्या वेळी मेडिकल फिटनेसला अडचण आली का? 'नोकरी सोड' हा सल्ला घरी रोज मिळतोय, तो कृपया नको. पुढच्या नेमणुकीचं हो-नाही २० तारखेपर्यंत कळवायचंय. व्यनि (खासगी निरोप) केलात तरी चालेल.